लाल पंप, हिरवा पंप : बांगलादेशातील पाणी आणि छोटी कर्जे

प्रश्न : बांगलादेशातील एका गावात हातपंप बसवण्यासाठी देणगी मागणारे पत्रक आमच्या मंडळाकडे आले आहे. एका पंपाने गावाला शुद्ध पाणी मिळेल, असे त्यात म्हटले आहे. पैसे पाठवावेत का?

पाठवण्यापूर्वी दोन गोष्टी विचारा : पंप किती खोल जाणार आहे, आणि त्याच्या पाण्यातील आर्सेनिक, म्हणजे आपला जुना सोमल हे विष, कोण तपासणार आहे. या प्रश्नांमागे मोठा इतिहास आहे. तळ्या-डबक्यांचे पाणी पिऊन पटकी आणि हगवणीने मुले दगावत, म्हणून १९७०च्या दशकापासून युनिसेफ आणि तेथील सरकारने उथळ कूपनलिकांचा प्रसार केला. हेतू रास्त होता आणि ते पाणी जंतूंपासून पुष्कळ सुरक्षितही होते. परंतु हिमालयातून वाहून आलेल्या गाळातील आर्सेनिक त्यात विरघळत असेल, ही शंका त्या काळी कोणी घेतली नाही. १९९३ साली तेथील विहिरींत ते प्रथम आढळले. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेतील एका लेखाने धोक्यात असलेल्यांची संख्या ३.५ ते ७.७ कोटी असल्याचा अंदाज दिला आणि ही इतिहासातील सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा असल्याचे म्हटले.

या विषाला रंग, वास, चव काहीही नाही. पाणी उकळून ते जात नाही. उलट पाणी आटते आणि त्याचे प्रमाण वाढते. त्वचेवरचे डाग, तळव्यांवरचे घट्टे आणि पुढे कर्करोग दिसायला वर्षे जातात. पुढे लाखो पंप तपासून दूषित पंपांना लाल आणि वापरण्याजोग्यांना हिरवा रंग देण्यात आला. एका अंगणातला पंप लाल आणि शेजारच्या अंगणातला हिरवा असेही घडते, कारण गाळाचे थर जागोजागी बदलतात. साधारण १५० मीटरपेक्षा खोल पाणी बहुधा निर्धोक असते, पण तशी नलिका उथळ नलिकेपेक्षा कितीतरी महाग पडते. स्वस्त पंपाचे आश्वासन देणाऱ्या पत्रकाकडे मी म्हणूनच संशयाने पाहतो. आणखी एक खुबी लक्षात ठेवा : बांगलादेशाची मर्यादा लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेची १०. ‘तपासणीत उत्तीर्ण’ म्हणजे कोणत्या मापाने, हेही विचारावे.

प्रश्न : गरिबांना छोटी कर्जे देणारी बांगलादेशातील ‘ग्रामीण बँक’ म्हणजे आपल्या बचत गटासारखेच ना?

पूर्णपणे नाही. बचत गटात बायका आधी स्वतःची बचत साठवतात, आपसांत कर्ज देतात आणि मग बँकेशी जोडल्या जातात. नाबार्ड या कृषी व ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने ही जोडणी १९९२ साली सुरू केली. ग्रामीण बँकेत कर्ज थेट बँकेचे, पाच जणींचा गट आणि आठवड्याचा हप्ता, अशी मूळ रचना होती. अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनी १९७६ साली बांगलादेशातील जोब्रा गावात ४२ जणांना मिळून २७ डॉलर दिले, तेथून हे सुरू झाले. १९८३ साली बँक झाली आणि २००६ साली युनूस व बँक यांना शांततेचे नोबेल विभागून मिळाले.

पाण्याशी या बँकेचा संबंध पुष्कळांना ठाऊक नसतो. १९८४ साली सभासदांनी स्वीकारलेल्या ‘सोळा निर्णयां’पैकी एक असा होता, की आम्ही कूपनलिकेचे पाणी पिऊ, ती नसेल तर पाणी उकळू किंवा तुरटी वापरू. त्या काळच्या ज्ञानानुसार हा सल्ला अगदी योग्य होता.

प्रश्न : छोट्या कर्जाने गरिबी हटते, हे सिद्ध झाले आहे का?

सरसकट नाही. भारत, मोरोक्को, मेक्सिको, मंगोलिया, इथिओपिया आणि बोस्निया येथील सहा अभ्यास २०१५ साली एकत्र प्रसिद्ध झाले. व्यवसायाला थोडा हात मिळतो, खर्चाची ओढाताण सांभाळता येते, पण उत्पन्नात मोठी वाढ सहसा होत नाही, असे त्यांचे तात्पर्य होते. व्याजाचा हिशेबही नीट पाहावा. १०,००० रुपयांवर वर्षाला १२ टक्के ‘सपाट’ व्याज आणि दर आठवड्याला हप्ता असेल, तर मुद्दल दर आठवड्याला कमी होत असतानाही व्याज पूर्ण रकमेवरच बसते आणि खरा दर २२-२३ टक्क्यांच्या घरात जातो.

प्रश्न : मग पाण्यासाठी कर्ज द्यावे की देणगी?

घरात नळ आणण्यासाठी कर्ज चालते. मोरोक्कोतील तांजीर शहरात गरीब कुटुंबांना नळजोडणीसाठी बिनव्याजी कर्ज देऊन ते पाणीबिलाबरोबर मासिक हप्त्यांनी वसूल केले, तेव्हा पुष्कळांनी ते आनंदाने घेतले. सार्वजनिक नळाचे पाणी आधीपासूनच चांगले असल्याने आजारपण घटले नाही, पण पाणी भरण्याची पायपीट वाचली आणि पाण्यावरून होणारे तंटे कमी झाले. तेथे पाणी शहराच्या पाणीपुरवठा यंत्रणेचे, आणि त्याच्या शुद्धतेची जबाबदारीही तिचीच होती. बांगलादेशातील शेतमजूर बाईने मात्र कर्ज काढून उथळ पंप घ्यायचा आणि तो लाल निघाला तरी हप्ते भरत राहायचे, ही व्यवस्था मला मान्य नाही. तुमच्या मंडळाची देणगी खोल सामायिक नलिकेला आणि तिच्या नियमित तपासणीला द्यावी. पत्रकवाल्यांना त्याचा लेखी तपशील देता येत नसेल, तर पैसे थांबवावेत.