भाडोत्री सैनिकांचं वेड आणि बी.कॉम.ची पदवी

प्रश्न : मुलगा एस.वाय. बी.कॉम.ला आहे. वर्षभर भाडोत्री सैनिकांवरचे व्हिडिओ आणि पुस्तकं, दुसरं काही नाही. आता कॉमर्स सोडून बी.ए. इतिहासाला जातो म्हणतो. यात पोट भरेल का?
– एक आई, कराड

उत्तर : ताई, त्याला कॉमर्स सोडू देऊ नका आणि इतिहासही सोडायला लावू नका. बऱ्याच विद्यापीठांत बी.कॉम.नंतर एम.ए. इतिहासाला प्रवेश मिळतो. मग पुन्हा एफ.वाय.पासून सुरुवात कशाला?

शिवाय त्याचा विषय तलवारीपेक्षा हिशेबाचा जास्त आहे. 1776 मध्ये ब्रन्सविक या जर्मन संस्थानाच्या ड्यूकने अमेरिकेतलं बंड मोडायला इंग्लंडला सैनिक पुरवले. भरतीचा दर माणशी ठरलेला. सैनिक मेला तर तेवढी रक्कम ड्यूकला पुन्हा मिळणार, आणि तीन जखमी म्हणजे एक मेलेला धरायचा, असं करारात कलमच होतं. ही रक्कम कोणत्या खात्यात दाखवायची, ते चिरंजीवांना विचारून बघा!

आपल्याकडचं उदाहरण महादजी शिंद्यांचं. 1784 मध्ये त्यांनी सॅव्हॉयच्या द बॉयन या युरोपियन लष्करी अधिकाऱ्याला नोकरीस ठेवलं आणि पुढे पलटणींच्या पगारासाठी गंगा-यमुनेच्या दुआबातला महसूल तोडून दिला. इतरांच्या फौजांचे पगार थकत, तिथे कंपूचे, म्हणजे द बॉयनच्या या कवायती पलटणींचे, वेळेवर होत. तरीही 1803 मध्ये इंग्रजांशी जुंपली आणि गव्हर्नर जनरलच्या जाहीरनाम्यातलं आमिष पाहून शिंद्यांचे बरेच युरोपियन अधिकारी निघून गेले. द बॉयनच्या जागी आलेला पेराँही इंग्रजांच्या आश्रयाला गेला. जालना जिल्ह्यातल्या असईच्या लढाईत मात्र कंपूचे गोलंदाज तोफा सोडेनात, तिथेच कापले गेले. पगार दोघांनाही होता, मग अधिकारी गेला आणि गोलंदाज का राहिला? ‘जगातले भाडोत्री सैनिक’ यावर पीएच.डी. होत नसते, या एका प्रश्नावर होऊ शकते.

आता पोटाचं. प्राध्यापकीच्या जागा थोड्या. नेट-सेट झालेली मुलंही वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर राबतात, हे त्याला स्पष्ट सांगा. नेटमध्ये जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिना 37,000 रुपये मिळतात, पण स्पर्धा मोठी. म्हणून मोडी आत्तापासून शिकू दे. जमिनींच्या जुन्या दाव्यांत मोडी वाचणारा लागतोच, आणि 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधताना तर अशा माणसांची शोधाशोध झाली. मोडीतला जमाखर्च वाचून तो समजणारा बी.कॉम. झालेला मुलगा मला तरी फारसा भेटलेला नाही. जुन्या मोडी कागदांचं पुण्याचं पेशवे दफ्तर कराडहून काही लांब नाही.

एक गोष्ट आजच विचारून घ्या. त्याला हे वाचायचंय की स्वतः जायचंय? ‘मदतनिसाची नोकरी’ सांगून एजंटांनी भारतीय तरुणांना रशियात नेलं आणि थेट युद्धात ढकललं. 2024 मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला. त्याच्या मोबाइलवर अशा कुणाचा नंबर दिसला, तर पैसे किंवा पासपोर्ट हातातून जायच्या आत पोलिसांकडे जा.