हेतू नाही, तरी खून? : 'हेतू', 'इरादा' आणि 'मारणे'

विट्याच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. बांधाच्या भांडणातून झालेल्या खुनाच्या अपिलाची बातमी त्यांनी वाचली. त्यात "हेतू सिद्ध झाला नसला तरी खुनाची शिक्षा कायम" असं वाक्य होतं. ते विचारतात, हेतूच नाही तर खून कसा? हेतू, इरादा, उद्देश हे एकच की वेगळे? आणि जाता जाता, 'प्राणघातक हल्ल्यात जखमी' हा प्रयोग बरोबर आहे का?

बोलताना आपण हे तिन्ही शब्द एकाच खुंटीला टांगतो. "माझा तसा हेतू नव्हता हो" असं म्हणणाऱ्याला खरं तर इरादा नव्हता असं म्हणायचं असतं. कोर्टात हे चालत नाही. तिथे हेतू म्हणजे 'का' मारलं: बांध कोरला, पाण्याची पाळी चुकवली, भावकीतलं जुनं वैर. आणि इरादा म्हणजे वार करताना काय घडवून आणायचं मनात होतं. भांडणाचं कारण कुणालाच सांगता आलं नाही, पण घाव घालताना डोळ्यांनी पाहिलेला भरवशाचा साक्षीदार आहे, तर हेतूवाचून खटला अडत नाही. प्रत्यक्ष पाहणारं कुणीच नसेल आणि सगळी भिस्त परिस्थितिजन्य पुराव्यावर असेल, तेव्हा मात्र हेतूला वजन येतं. तुमच्या बातमीतलं वाक्य त्यामुळे विचित्र वाटलं तरी चूक नाही.

कायद्याच्या मराठी पुस्तकांत बहुधा 'उद्देश' भेटतो, फिर्यादीत आणि बातमीत 'इरादा'. अर्थ तोच, पण वास वेगळा. 'इरादा' अरबी आहे आणि मराठीत त्याला थोडी संशयाची छटा चिकटलेली आहे. "याचा इरादा काय आहे?" हे आपण पाहुण्याचं कौतुक करताना विचारत नाही. संस्थेच्या घटनेत 'उद्देश' असतात; 'इरादे' लिहून पाठवले तर नोंदणी कार्यालयातला माणूस चष्मा काढून बघेल.

हेतू आणि इरादा या दोघांच्या जोडीला तिसरा शब्द आहे, 'जाणीव'. कायद्याच्या भाषेत 'ज्ञान'. तिघांची फोड सर्वोच्च न्यायालयाने 1956 च्या बसदेव विरुद्ध पेप्सू (पतियाळा आणि पूर्व पंजाबातल्या संस्थानांचं तेव्हाचं) राज्य या निकालात केली आहे. एका लग्नात दारू प्यायलेल्या निवृत्त लष्करी जमादाराने एका पोराला जरा सरकून बसायला सांगितलं, तो हलला नाही, तर याने पिस्तूल काढून पोटात गोळी घातली. न्या. चंद्रशेखर अय्यर यांनी मांडलं ते असं की हेतू माणसाला इरादा करायला लावतो आणि जाणीव म्हणजे आपल्या कृत्याचं काय होईल याचं भान. जागा मिळावी एवढ्यासाठी कुणी जीव घेतो का? हेतू म्हणून पाहिलं तर क्षुल्लकच. पण नशेमुळे इरादा करण्याचीच ताकद उरली नव्हती असं काही दिसलं नाही, आणि खुनाची शिक्षा टिकली.

इरादा सिद्ध झाला तर खून, नुसती जाणीव सिद्ध झाली तर सदोष मनुष्यवध, म्हणजे खुनापेक्षा कमी दर्जाचा गुन्हा, अशी ढोबळ विभागणी वकील करतात. ढोबळच, कारण दोन्हीकडे अपवाद आहेत. जुन्या भादंविचं (भारतीय दंड विधानाचं) खुनाच्या शिक्षेचं कलम 302 आता भारतीय न्याय संहितेत 103 आहे आणि सदोष मनुष्यवधाच्या शिक्षेच्या 304 चं 105 झालंय. 1 जुलै 2024 पासून नवे आकडे लागू आहेत, पण जुने आकडे तोंडातून जायला एक पिढी लागेल. खरी मेख मात्र वेगळीच आहे. 'जीव घेण्याचाच' इरादा दाखवावा लागतो असंही नाही. 1958 च्या विरसा सिंग खटल्यात पोटात भाल्याचा एकच वार होता. न्या. व्हिव्हियन बोस म्हणाले, प्रत्यक्षात झालेली तीच जखम करायची होती ना, एवढं पाहा. ती जखम निसर्गक्रमाने मरण आणायला पुरेशी होती का, हा पुढचा प्रश्न, आणि तो वस्तुस्थितीचा. म्हणजे "मला फक्त दुखवायचं होतं" ही पळवाट फार अरुंद आहे.

आता मराठीची खरी गंमत. मला विचाराल तर 'हेतू' आणि 'इरादा' यांच्यापेक्षा जास्त घोळ 'मारणे' या क्रियापदाने घातला आहे. "ते त्याला मारायला आले होते." चोप द्यायला की जीव घ्यायला? मराठी कान प्रसंगावरून ओळखतो. नेमकं सांगायचं तर आपण 'जिवे' किंवा 'ठार' जोडतो, नाहीतर 'टाकणे' लावतो: मारीन आणि मारून टाकीन यांत आख्ख्या कलमाचं अंतर आहे. पण साक्ष मराठीत होते आणि अपिलाचे कागद बहुधा इंग्रजीत उतरतात. सातारा-सांगलीची अपिलं 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचसमोर जातात. तिथे साक्षीदार सहसा पुन्हा उभा राहत नाही, त्याचे शब्दच उभे असतात. 'मारायला'चं भाषांतर करणाऱ्याने एक बाजू निवडली की दुसरी नाहीशी. आणि धमकीचं काय? "तुला आज जित्ता सोडत न्हाई" हे फिर्यादीत भयंकर दिसतं, पण आपल्याकडे आई दूध सांडणाऱ्या पोरालाही "जीव घेईन तुझा" म्हणते.

म्हणून कोर्टं शब्दांपेक्षा घावाकडे बघतात. हत्यार कोणतं, ते बरोबर आणलं की तिथलंच उचललं, वार शरीराच्या कोणत्या भागावर, किती जोराने, एक की अनेक, भांडण अचानक पेटलं की आधी बेत होता. 2006 च्या पुलिचेर्ला नागराजू निकालात अशी यादीच आहे. ती वाचताना आपल्या भागातला माणूस एका जागी थबकेल. उसाच्या तोडीच्या दिवसांत फडातून येणाऱ्याच्या हातात कोयता असतोच. "हत्यार घेऊन आला" हे त्याच्याबाबतीत खरं आहे आणि त्यावरून काहीच ठरत नाही. तोच कोयता रात्री नऊ वाजता दुसऱ्याच्या दारात दिसला, तर गोष्ट निराळी.

फिर्यादीतलं "जिवे मारण्याच्या इराद्याने" हे वाक्य मी तरी साच्यातलं मानतो. ते सांगणाऱ्याचं कमी, लिहून घेणाऱ्याचं जास्त असतं.

राहिला 'प्राणघातक'. घातक म्हणजे घात करणारा; प्राण गेलेच नसतील तर हल्ला प्राणघातक कसा, ही तुमची शंका दिसते. पण 'आरोग्यास घातक' म्हणताना आरोग्य संपलेलं नसतं, संपवण्याची ताकद सांगायची असते. तसंच इथे. 'जीवघेणा'ही चालेल. 'खुनी हल्ला' मात्र जपून वापरावा, कारण त्यात इरादा आधीच ठरवून टाकलेला आहे. खुनाच्या प्रयत्नाच्या कलमात, म्हणजे जुन्या 307 आणि आताच्या 109 मध्ये, वाद नेमका त्याचाच असतो. जखम किरकोळ असली तरी ते कलम लागू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका अपिलात सांगितलं आहे. तेव्हा बातमीत 'कोयत्याने वार' एवढं लिहिलं तरी पुरे.