नवीन सिस्टर, त्या खाटेकडे पाठ फिरवू नकोस
पेशंट जाणार हे कळलं की नवीन मुली बीपी बघतात, चार्ट भरतात आणि सटकतात. तू थांब. शेवटी घशात घरघर लागते, नातेवाईक सक्शन, म्हणजे नळीने घशातला कफ ओढून काढायला, सांगतात. बहुतेक वेळा त्याने त्रासच वाढतो. कुशीवर वळव, ओल्या गॉजने ओठ पूस. मुलाला सांग, 'आवाज आपल्याला ऐकवत नाही, बाबांना बहुधा त्याचा त्रास नाही.' 'बरे होतील' मात्र म्हणू नकोस. दुखण्यावर लिहून दिलेलं मॉर्फिन वेळेवर दे. सवय लागण्याची भीती इथे फिजूल. रडू आलं तर येऊ दे, पण ड्यूटी सुटताना इन्चार्जशी बोलूनच घरी जा. आणि जमलं तर वांद्र्याचं शांती आवेदना सदन बघून ये. १९८६ साली सुरू झालेलं देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची काळजी घेणारी जागा.