वाचकांचे प्रश्न : सू शीला हद्दपारी का भोगावी लागली?

प्रश्न : चीनमधील सोंग राजवटीच्या काळातील कवी सू शी परीक्षा देऊन मोठ्या हुद्द्यावर चढला, तरी त्याला वारंवार हद्दपार करण्यात आले, असे वाचले. तो राजद्रोही होता काय?

उत्तर : मुळीच नाही. १०५७ मध्ये ऐन विशीत तो राजधानीतील परीक्षेत चमकला. उत्तरपत्रिकेवरील नाव झाकून तिची नक्कल कारकुनाकडून करून घेतली जाई. त्यामुळे परीक्षक ओयांग श्यू यांना तो निबंध आपल्याच शिष्याचा वाटला आणि पक्षपाताचा ठपका नको म्हणून त्यांनी त्याला दुसरा क्रमांक दिला, असे सांगतात.

पुढे मुख्यमंत्री वांग आन्शीच्या सुधारणांनुसार सरकार शेतकऱ्यांना हंगामी कर्ज देऊ लागले. कर्जाच्या खेपा घालण्यात वर्षाचा निम्म्याहून अधिक काळ शहरात गेल्याने पोरांची बोली तेवढी शहरी झाली, अशा अर्थाची सू शीची एक कविता आहे. असल्याच ओळी पुरावा म्हणून पुढे करून १०७९ मध्ये त्याला अटक झाली, आणि चार महिन्यांहून अधिक काळ तो कोठडीत होता. माझ्या मते आरोप अगदीच निराधार नव्हता, कारण टोमणा खराच होता. अन्याय होता तो टोमण्याला गुन्हा ठरवण्यात.

सुटकेनंतर त्याला ह्वांगचौला धाडले, तेही नाममात्र पदावर. तेथून मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने आपला हिशेब मांडला आहे : दरमहा ४,५०० नाण्यांच्या तीस माळा करून त्या तुळईला टांगायच्या, रोज सकाळी काठीने एक काढून घ्यायची आणि दिवसाअखेर उरेल ते पाहुण्यांसाठी बांबूच्या नळीत टाकायचे. तेथेच पूर्वेच्या उतारावर त्याने शेती केली, आणि त्यावरूनच तो ‘डोंगपो’ (पूर्वेचा उतार) झाला.

१०८५ नंतर सुधारणाविरोधी सिमा ग्वांगचा पक्ष सत्तेवर आला, तेव्हा तरी सू शीने गप्प बसायचे! पण वांग आन्शीने आणलेली वेठीऐवजी पैसे भरण्याची सोय लोकांच्या सोयीची आहे, ती मोडू नका, असे त्याने बजावले आणि आपल्याच माणसांचा रोष ओढवून घेतला. हांगचौचे सरोवर उपसून गाळाचा बंधारा घालणे, ही त्यानंतरची कामगिरी. १०९४ मध्ये वारे पुन्हा सुधारणावाद्यांकडे फिरताच तो हद्दपार होऊन दक्षिणेला आणि १०९७ मध्ये थेट हायनान बेटावर गेला. माफी मिळून परतताना ११०१ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी दरबाराने बहिष्कृत अधिकाऱ्यांची नावे शिळेवर कोरली. त्या यादीत सू शी आणि सिमा ग्वांग दोघेही होते.