पॅरा नेमबाजीत, म्हणजे दिव्यांग खेळाडूंच्या नेमबाजीत, एसएच१ आणि एसएच२ हे गट म्हणजे काय? व्हीलचेअरवर बसून 'स्टँडिंग' कसं?

फरक पायांचा नाही, हातांचा आहे. बंदुकीचं वजन स्वतः पेलता येतं, ते एसएच१. ज्यांच्या हातांना ते पेलवत नाही, ते एसएच२. त्यांची रायफल स्प्रिंग लावलेल्या स्टँडवर टेकते आणि छर्रा भरायला सोबत सहायक घेता येतो. स्प्रिंगमुळे रायफल किंचित हलत राहते, त्यामुळे नेम खेळाडूलाच धरावा लागतो. स्टँड म्हणजे आयती सोय, हा गैरसमज आहे. एसएच२मध्ये फक्त रायफल, पिस्तूल नाही.

'स्टँडिंग' म्हणजे उभ्यानं नेम धरायचा प्रकार; हे नाव ऐकून मीही चक्रावलो होतो. उभं राहता येत नसेल तर खेळाडू बसूनच खेळतो, पण एसएच१मध्ये कोपरांना आधार घ्यायचा नाही. 'प्रोन'मध्ये (मूळचा पालथं झोपून नेम धरायचा प्रकार) मात्र कोपरं टेबलावर टेकतात.

१० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. भारताच्या अवनी लेखरानं एसएच१ स्टँडिंगमध्ये टोकियो पॅरालिम्पिकमध्ये २४९.६ आणि पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये २४९.७ गुण करून दोन्ही सुवर्णपदकं घेतली. आपल्या कोल्हापूरचा स्वरूप उन्हाळकर टोकियोत पुरुषांच्या याच प्रकारात चौथा आला, पदक थोडक्यात हुकलं.