पट्टी तुम्ही लिहिता, बिल तिला शिकवा

प्रश्न: मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी आहे. मुलगी बी.कॉम. झाली. दीड वर्ष घरून लेबलं, लोगो, पाकिटांची डिझाइनं करते. कामं येतात, पैसे येत नाहीत. तीन व्यापाऱ्यांकडे मिळून 38,000 रुपये अडकलेत. जीएसटी नंबर नसल्याने बिल देता येत नाही. मार्चपर्यंत बँकेच्या परीक्षेचा क्लास लाव, नाहीतर स्थळं बघतो, असं तिला सांगितलंय. कोणती परीक्षा द्यावी? तिने एका व्यापाऱ्याला पाठवलेला मेसेज सोबत जोडला आहे.

उत्तर: थकलेल्या पैशांची तुमची काळजी पटली. पण पत्र वाचून झाल्यावर माझ्या मनात अडकलं ते ‘नाहीतर स्थळं बघतो’ हे वाक्य. पैसे थकवले व्यापाऱ्यांनी आणि शिक्षा मुलीला? दीड वर्षात लोक काम घेऊन तिच्याकडे यायला लागलेत, म्हणजे तिच्या हातात कसब आहे. डोक्यावर अशी मुदत असली, की माणूस मिळेल त्या भावात काम घेतो आणि पैसे मागायला आणखी कचरतो. तिचंही तेच होईल. म्हणून ही मुदत आधी मागे घ्या, आणि तसं तिला स्पष्ट शब्दांत सांगा. आईकडून निरोप नको.

परीक्षांचं म्हणाल तर आयबीपीएस, एमपीएससी दोन्हींचे दरवाजे पदवीमुळे तिला उघडे आहेत. पण तिने विचारलेलं नाही, म्हणून मी एकही सुचवत नाही.

आता तो मेसेज. ‘दादा, लेबलांचे राहिलेले तेवढे जमलं तर पाठवा ना.’ कुठल्या लेबलांचे, किती, कधीपर्यंत, कुठल्या खात्यात, काहीच नाही. समोरच्या दुकानातला तुमच्यासारखाच दिवाणजी हे खर्ची टाकणार कसं? तुम्ही शेतकऱ्याला हळदीची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद देता, तेव्हा पोती, वजन, दर, हमाली, तोलाई, निव्वळ रक्कम सगळं लिहिता. नुसतं ‘हळदीचे पैसे’ असं लिहून तुम्ही आजवर एक तरी पट्टी दिलीत का? तिला हेच शिकायचंय, आणि शिकवणारा माणूस घरातच आहे.

बिलावर ओळीने चढता क्रमांक, तारीख, दोघांची नावं-पत्ते, तिचा पॅन, बँक खातं आणि पैसे देण्याची शेवटची तारीख हवी. कामाचं वर्णन ‘डिझाइन’ एवढंच नको. ‘हळद पावडर, 200 ग्रॅम पाऊच, पुढची व मागची बाजू, दोन दुरुस्त्यांसह’ असं लिहावं. म्हणजे तिसऱ्या दुरुस्तीचे वेगळे पैसे मागताना तोंड लपवावं लागत नाही. निम्मी रक्कम काम सुरू करण्याआधी घ्यावी, आणि कोरलची ओपन फाइल, म्हणजे डिझाइनची बदल करता येणारी मूळ फाइल, पूर्ण पैसे जमा झाल्यावरच द्यावी. तुमच्या पत्रावरून वाटतं, ती फाइल आधी देऊन टाकते. फाइल प्रेसला पोचली, की व्यापाऱ्याची गरज संपली.

जीएसटी नंबर नसला तर बिल देता येत नाही, हा गैरसमज मला दर महिन्याला भेटतो. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल, तर सहसा नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसताना बिल बेलाशक देता येतं. फक्त त्यावर जीएसटी लावायचा नाही आणि ‘टॅक्स इन्व्हॉइस’ असं लिहायचं नाही. साधं ‘बिल’ पुरे. कुणी टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आयकर कापला तर तो तिच्या पॅनवर जमा होतो. कर लागत नसेल तर रिटर्न भरून परत मिळतो.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी, मात्र या आठवड्यातच करून घ्या. आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, फी नाही, एजंटला पैसे देऊ नका. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याने अशा छोट्या व्यावसायिकाचे पैसे लेखी करार नसेल तर 15 दिवसांत, करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय मुदत टळून वर्षअखेरीलाही पैसे थकलेलेच असतील, तर ते देईपर्यंत व्यापाऱ्याला तो खर्च आयकरात वजा मिळत नाही. नोंदणीनंतरच्या बिलांवर उद्यम क्रमांक छापा.

थकलेल्या 38,000 ची तीन वेगळी बिलं आज रात्री दोघांनी बसून लिहा. कामाचं वर्णन तिला सांगू द्या, आकडे तुम्ही मांडा. उद्या ती बिलं घेऊन दुकानांत तिलाच जाऊ द्या. त्यातलं कुणी यार्डात तुमच्या ओळखीचं असेल, तरी तुम्ही मध्ये शब्द टाकू नका.