नवीन सर्व्हरवर डीएचसीपी, डीएनएस आणि एनटीपी: आधी काय बसवायचं?

एकच लिनक्स सर्व्हर आहे, आतापर्यंत सगळं राउटर सांभाळत होता, आता मशिनना आयपी पत्ते वाटणं (डीएचसीपी), नावांवरून पत्ते सांगणं (डीएनएस) आणि घड्याळं जुळवणं (एनटीपी) हे तिन्ही सर्व्हरवर आणायचंय, तर सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत: डीएचसीपी सगळ्यात शेवटी. ते पटकन चालू होतं म्हणून बरेच जण त्यालाच आधी हात घालतात. पण डीएचसीपी प्रत्येक मशिनला डीएनएसचा पत्ताही देतं. तिथलं डीएनएस अर्धवट असेल, तर सगळ्यांचंच काम अडतं.

सर्व्हरला स्थिर आयपी द्या आणि क्रोनी हा एनटीपीचा प्रोग्राम बसवून घड्याळ लावून घ्या. हे काम छोटं आहे, पण टाळू नका. वेळ फार चुकली तर टीएलएस प्रमाणपत्रं (सुरक्षित जोडणीची ओळखपत्रं) अवैध ठरतात, आणि कर्बेरॉस (लॉगिन तपासणारी यंत्रणा) सहसा ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही.

खरा वेळ डीएनएसला द्या. आतल्या नावांसाठी 'लोकल' हा शेवट नको, तो एमडीएनएस (सर्व्हरशिवाय जवळच्या मशिनची नावं शोधणारी पद्धत) वापरतं, 'इंटरनल' घ्या. बाइंड हा डीएनएस प्रोग्राम वापरत असाल तर झोन फाइलमध्ये (नावं आणि पत्त्यांच्या यादीत) पूर्ण नाव लिहिल्यावर शेवटचा टिंब बघाच. 'फाइल्स.ऑफिस.इंटरनल' टिंबाशिवाय लिहिलं, तर बाइंड पुढे झोनचं नाव जोडतं आणि ते 'फाइल्स.ऑफिस.इंटरनल.ऑफिस.इंटरनल' होतं. फाइल बदलली की तिच्यातला सीरियल (आवृत्तीचा क्रमांक) वाढवा, नाहीतर दुय्यम सर्व्हर (झोनची प्रत ठेवणारा दुसरा सर्व्हर) जुनीच माहिती देत राहतो. रीलोडच्या आधी झोन फाइल तपासणारी 'नेम्ड-चेकझोन' कमांड चालवायची सवय लावा. फायरवॉलमध्ये पोर्ट ५३ यूडीपी आणि टीसीपी (डेटा पाठवायच्या दोन पद्धती) दोन्हींसाठी उघडा. मोठी उत्तरं टीसीपीवरून येतात. रिकर्शन (विचारणाऱ्यासाठी बाहेरची नावं शोधून देणं) मात्र फक्त आतल्या नेटवर्कला. ते सगळ्या जगाला उघडं राहिलं, तर तुमचा सर्व्हर दुसऱ्यांवरच्या हल्ल्यात वापरला जातो.

आता डीएचसीपी. नव्याने बसवताय तर किया हा डीएचसीपी सर्व्हर घ्या. जुन्या आयएससी डीएचसीपीची देखभाल २०२२ मध्येच थांबली. राउटरवरचं वाटप बंद करूनच हे चालू करा. वाटपाची रेंज १९२.१६८.१०.१०० ते २०० अशी ठेवली, तर सर्व्हर आणि प्रिंटर त्याबाहेर ठेवा.

आणि कृपया एक गोष्ट करू नका: 'असू दे बॅकअप' म्हणून दुसरा डीएनएस ८.८.८.८ (गूगलचा सार्वजनिक डीएनएस) देऊ नका. दुसरा पत्ता पहिला बंद पडल्यावरच वापरला जाईल, याची खात्री नसते. कितीतरी मशिन मनाला येईल तेव्हा त्याला विचारतात. त्याला तुमची आतली नावं माहीत नाहीत, तो 'असं नाव नाही' म्हणतो, आणि मशिन ते उत्तर काही काळ लक्षात ठेवतं. मग फाइल सर्व्हर कधी सापडतो, कधी नाही, आणि तुम्ही केबल बदलत बसता. बॅकअप हवाच असेल तर दुसऱ्या एखाद्या मशिनवर त्याच झोनचा दुय्यम सर्व्हर उभा करा.

सुरुवातीला लीज (मशिनला पत्ता वापरायला दिलेली मुदत) तासाभराची ठेवा. मशिन साधारण अर्धी लीज संपल्यावर नूतनीकरण मागतात, त्यामुळे काही बदललंत तर अर्ध्या तासात बहुतेकांपर्यंत पोहोचतं. सगळं स्थिरावलं की ती दिवसभराची करा. एखाद्या मशिनवर १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी दिसला, तर डीएनएस तपासत बसू नका. त्याला डीएचसीपीचं उत्तरच मिळालेलं नाही. आधी केबल, व्हीलॅन (मशिन नेटवर्कच्या योग्य भागात आहे का) आणि डीएचसीपीचं पोर्ट ६७ बघा.